चादरीला उलटी बाजू नसते

सोलापूरच्या पूर्व भागातून आलेलं एक पत्र या वेळी घेते आहे. कॉलेजचं नाव आणि ओळखीच्या इतर खुणा काढल्या आहेत, मजकूरही थोडा लहान केला आहे.

‘मॅडम, मी एम.ए. इंग्रजीच्या पहिल्या वर्षाला आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, माझी शाळा मराठी माध्यमाची. वडील टॉवेलच्या कारखान्यात पॉवरलूमवर आहेत, अम्मा घरी विड्या वळते. आम्हाला जागतिक साहित्याचा पेपर आहे. त्यात ग्रीक नाटक, नॉर्वेचं नाटक, रशियन कथा, जपानी कविता, आफ्रिकेतली कादंबरी असं सगळं आहे. पुस्तक उघडलं की दोन पानांत मी अडकते. मग मोबाइलवर सारांश वाचते आणि व्हिडिओ बघते. पहिल्या सेमिस्टरला ५४ मार्क पडले, पण मी एकही पुस्तक पूर्ण वाचलेलं नव्हतं, त्यामुळे आनंद झाला नाही. मध्ये एक नाटक मराठीतून वाचलं. वर्गात तसं सांगितल्यावर दोघी-तिघी हसल्या आणि सरही म्हणाले की अनुवाद वाचणं म्हणजे वाचणं नव्हे. मराठीतून वाचू की नको? एवढं सगळं कुठून सुरू करू? आणि कधी कधी वाटतं, आपल्या घरातल्या मुलीचा या सगळ्याशी काय संबंध?’

प्रिय मुली,

मार्क पडले तेव्हा तू गप्प बसली असतीस तर तुला कुणी काही विचारणार नव्हतं. तू गप्प बसली नाहीस. म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी त्या हसण्याचं बघू. सोफोक्लीसनं ग्रीकमध्ये लिहिलं, इब्सेननं नॉर्वेच्या भाषेत, चेखॉव्हनं रशियनमध्ये, बाशोनं जपानीत. तुझ्या वर्गातल्या मुलींच्या हातात असलेली इंग्रजी पुस्तकं कुणीतरी अनुवाद केलेलीच आहेत. इब्सेन बऱ्याच जणांपर्यंत विल्यम आर्चरच्या इंग्रजीतून पोचला, चेखॉव्ह कॉन्स्टन्स गार्नेटच्या इंग्रजीतून. त्या मुलींनी इंग्रजी अनुवाद वाचला आणि तू मराठी अनुवाद वाचलास, एवढाच काय तो फरक. तुझ्या सरांशी मी वाद घालायला बसलेली नाही, पण अनुवाद वाचणं म्हणजे वाचणं नव्हे असं म्हटलं तर हा अख्खा पेपरच रद्द करावा लागेल.

‘डॉन किहोते’चा दुसरा भाग १६१५ साली निघाला. त्यात सर्वांतेसनं अनुवादाला एक उपमा दिली आहे. नक्षीचे विणलेले पडदे उलट्या बाजूनं बघावेत तसा अनुवाद असतो, आकृती दिसते, पण सुटलेल्या धाग्यांमुळे ती झाकोळते आणि पुढच्या बाजूची सफाई तिला येत नाही. जगभर ही उपमा सांगितली जाते. मीही कित्येक वर्षं वर्गात ती सांगत आले आणि एके दिवशी घरी चादरीची घडी घालताना थांबले. तुमच्याकडेही सोलापुरी चादर असणारच. ती घे आणि उलटून बघ. जकार्ड या नक्षीच्या मागावर दुहेरी विणलेली चादर असेल तर एका बाजूला लाल जमिनीवर पांढरा मोर दिसेल आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या जमिनीवर लाल मोर. नक्षी तीच राहते, रंगांची अदलाबदल होते. त्या चादरीला उलटी बाजू म्हणून नसतेच. चांगला अनुवाद मला तसा वाटतो. रंग बदलतात हे खरं आहे आणि ते डोळे उघडे ठेवून बघायला हवं. पण मोर जागेवरच असतो.

कधी कधी तर एका भाषेत जे साधत नाही ते दुसरीत साधतं. बाशोची १६८६ मधली बेडकाची कविता तुमच्या अभ्यासाला असण्याची दाट शक्यता आहे, कारण जपानी कवितेचं नाव निघालं की तीच पहिली येते. जुनं तळं, बेडूक आत उडी मारतो, पाण्याचा आवाज. एवढीच ती आहे. जपानीत नामाला एकवचन-अनेकवचनाचं बंधन नाही, त्यामुळे बेडूक एक की अनेक हे मुळात उघडं राहतं. इंग्रजीत मात्र ठरवावंच लागतं. बहुतेकांनी एकच बेडूक ठेवला, लाफ्काडिओ हर्ननं अनेक केले. आता मराठीत बघ. ‘एक बेडूक, चार बेडूक.’ रूप बदलत नाही. क्रियापद टाळलं तर

जुनं तळं
बेडूकउडी
पाण्याचा आवाज

असं लिहिता येतं आणि मुळातला उघडेपणा शाबूत राहतो. शिरीष पै यांनी हायकू हा तीन ओळींचा जपानी काव्यप्रकार मराठीत रुजवला तो या भाषेत तशी जागा होती म्हणूनच, असं मी मानते. ज्या भाषेतून वाचल्याबद्दल तुला हसले, त्या भाषेला इथे इंग्रजीपेक्षा एक सोय जास्त आहे.

म्हणून, मराठीतून वाच. बिनदिक्कत वाच. फक्त एक भेद मनात पक्का ठेव, कारण तो कळला नाही तर परीक्षेत फटका बसेल. अनुवाद वेगळा आणि रूपांतर वेगळं. आपल्या रंगभूमीनं परदेशी नाटकं आणली ती बहुतेक रूपांतर करून. ‘झुंझारराव’ म्हणजे देवलांनी केलेला ‘ऑथेल्लो’, ‘अंमलदार’ म्हणजे पु. लं.नी आपल्याकडे आणलेला गोगोल, ‘ती फुलराणी’ म्हणजे शॉचं ‘पिग्मॅलियन’, अनंत काणेकरांचं ‘घरकुल’ म्हणजे इब्सेनचं ‘अ डॉल्स हाउस’. यांत माणसांची नावं बदलतात, गाव बदलतं, रीतभात बदलते, कधी शेवटाचा सूरही बदलतो. ही नाटकं जरूर वाच, पण त्यांच्या जोरावर मूळ नाटकावरचं उत्तर लिहू नकोस. उलट विंदा करंदीकरांचा १९७४ चा ‘राजा लिअर’ किंवा पु. लं.नी हेमिंग्वेच्या ‘द ओल्ड मॅन अँड द सी’चं केलेलं ‘एका कोळियाने’ हे मुळाला धरून चालणारे अनुवाद आहेत. ते शेजारी ठेवून इंग्रजी वाचता येतं. मराठी पुस्तक हाती आलं की आधी आतल्या पानावर ‘अनुवाद’ लिहिलं आहे की ‘रूपांतर’, ‘स्वैर’, ‘आधारित’ ते बघायची सवय लाव.

मराठीतून वाचल्याबद्दल तुझ्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. सारांशांबद्दल मात्र मी ठेवणार आहे, कारण खरं नुकसान तिथे होतंय.

चिनुआ अचेबेच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’चा (१९५८) सारांश तू वाचलाच असशील. ओकोंक्वो नावाचा नायजेरियातल्या इग्बो समाजातला एक बलदंड, मानी माणूस, गोरे मिशनरी येतात, सरकार येतं, त्याचा समाज मोडतो, शेवटी तो स्वतःला संपवतो. चार ओळींत आटोपलं. पण या कादंबरीत २५ प्रकरणं आहेत, त्यातली पहिली १३ म्हणजे पहिला भाग, आणि त्या अख्ख्या भागात गोरा माणूस गावात आलेलाच नाही. तिथे सुरणासारखा यमचा कंद कसा लावतात, पाहुण्यापुढे कोलाचं फळ कसं फोडतात, कुस्ती, लग्नाची बोलणी, देवाच्या गुहेकडे रात्री मुलीला पाठीवर घेऊन निघालेली पुजारीण आणि तिच्यामागे अंधारात चालणारी आई, असं सगळं आहे. तिथली माणसं बोलताना पदोपदी म्हणी वापरतात. अचेबे म्हणतो, म्हणी म्हणजे शब्द ज्याच्याबरोबर खायचे ते पामतेल. आपल्याकडे कडक भाकरीला शेंगा चटणी लागते, तसं म्हण. सारांशात हे सगळं गळतं, कारण त्यातून ‘कथा पुढे जात नाही’.

आता शेवटाकडे चल. ओकोंक्वो गेला आहे. इंग्रज जिल्हा आयुक्त तिथून परत निघाला आहे आणि त्याच्या डोक्यात स्वतःचं पुस्तक घोळतं आहे, नायजर नदीकाठच्या ‘रानटी’ टोळ्यांना वठणीवर आणण्याबद्दलचं. तो विचार करतो, या माणसाबद्दल वाचायला लोकांना आवडेल, अख्खं प्रकरण होईल. मग म्हणतो, अख्खं प्रकरण नको, एक बऱ्यापैकी परिच्छेद पुरे. कादंबरी इथे संपते.

ज्याच्याबरोबर आपण २५ प्रकरणं राहिलो, त्याचा त्या साहेबाच्या वहीत एक परिच्छेद होणार. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ नुसती बसून होते. मुली, मोबाइलवरचा सारांश म्हणजे साहेबाचा तो परिच्छेद आहे. त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. तरी जे वाचायचं ते त्यात नसतं. तुला ५४ मार्कांचा आनंद झाला नाही, त्याचं कारण मला हेच दिसतं.

कुठून सुरू करू, असं तू विचारलंस. कथेपासून कर, आणि चेखॉव्हपासून कर. एक कथा एका बैठकीत संपते आणि ‘मी पूर्ण वाचलं’ हा अनुभव तुला आत्ता सगळ्यात जास्त हवा आहे. त्याची १८८६ मधली एक छोटी कथा आहे. संध्याकाळ, बर्फ पडतंय. आयोना पोटापोव्ह नावाचा म्हातारा घोडागाडीवाला गिऱ्हाईकाची वाट बघत बसला आहे. त्याचा मुलगा याच आठवड्यात गेला. गाडीत एक लष्करी अधिकारी बसतो, आयोना मागे वळून सांगू बघतो, अधिकारी एक प्रश्न विचारतो आणि डोळे मिटून घेतो. मग तीन उनाड पोरं बसतात, त्याला शिव्या घालतात, एक तर मानेवर फटका मारतो. रात्री तबेल्यात एक तरुण गाडीवाला पाणी प्यायला उठतो, आयोना त्याला सांगायला लागतो, तोवर त्यानं डोक्यावर पांघरूण घेतलेलं असतं. शेवटी आयोना घोडीपाशी जातो. आज ओट्सपुरते पैसे झाले नाहीत, गवतावरच भागव, असं म्हणतो. मग तिला समजावतो, समज तुला एक शिंगरू होतं आणि ते अचानक गेलं, तर तुला वाईट वाटेल ना? घोडी चघळत असते, ऐकत असते, मालकाच्या हातांवर श्वास सोडत असते. आणि तो तिला सगळं सांगतो.

बघ, मी तुला सारांशच सांगितला, आणि त्यात काय हरवलं तेही सांगते. मुळात आयोनाला फक्त ‘मुलगा गेला’ एवढं सांगायचं नसतं. तो कसा आजारी पडला, कसा तळमळला, जाण्याआधी काय म्हणाला, दवाखान्यातून त्याचे कपडे कसे आणले, हे सगळं नीट, सावकाश सांगायचं असतं. माझे वडील गेले तेव्हा भेटायला येणारे दारातच विचारायचे, ‘काय झालं होतं?’ आणि उत्तर दोन वाक्यांत संपावं अशी त्यांची अपेक्षा असायची. ही कथा मी त्याआधी कित्येक वर्षं शिकवत होते. खरी वाचली ती त्या महिन्यात.

या कथेचं रशियन नाव ‘तोस्का’. हा शब्द कुठल्याच भाषेत नीट बसत नाही. दुःख, जीव लागेनासा होणं, आतून पोखरणारी उदासी, असं सगळं त्या एका शब्दात आहे. इंग्रजीत कुणी ‘मिझरी’ केलं, कुणी ‘लॅमेंट’, कुणी ‘हार्टएक’. गार्नेटचे चेखॉव्हचे अनुवाद इंटरनेटवर ‘प्रोजेक्ट गुटेनबर्ग’वर फुकट आणि रीतसर मिळतात. ही कथा तिथे काढ, काही मिनिटांची आहे. लागोपाठ दोनदा वाच. पहिल्यांदा काय झालं यासाठी, दुसऱ्यांदा कोण कुणाला किती शब्द बोलू देतं एवढंच मोजत.

नाटक मात्र डोळ्यांनी वाचू नकोस. मोठ्यानं वाच. तुमच्या घरी शेजारच्या शेडमधल्या मागांची खडखड असणार, त्यामुळे कुणाला त्रास व्हायची काळजी नाही. ‘अ डॉल्स हाउस’ तुमच्या पेपरला असेल असं धरून सांगते. ‘नोरा नवऱ्याचं घर सोडून जाते’ हे सारांश सांगतो आणि शेवट आधीच कळला म्हणून तू सुरुवात वाचतच नाहीस. सुरुवातीला बघ. नोरा बाहेरून येते, हमालाला पन्नास ओरे द्यायचे असतात, ती अख्खा क्रोन, म्हणजे शंभर ओरे, देते आणि सुटे ठेव म्हणते. नवऱ्यानं मना केलेल्या मॅकरून्स चोरून खाते आणि तोंड पुसते. तो तिला खारूताई म्हणतो, चंडोल म्हणतो. घरातल्या टपालपेटीची किल्ली फक्त त्याच्याकडे असते. ही वाक्यं मोठ्यानं म्हटलीस की आवाजच तुला सांगेल, हा माणूस बायकोशी बोलत नाही, पाळलेल्या प्राण्याशी बोलतो आहे. मग तिसऱ्या अंकात ती त्याला समोर बसवते आणि सांगते की आठ वर्षांच्या संसारात आपण दोघं आज पहिल्यांदा गंभीरपणे बोलतो आहोत, तेव्हा तुझा स्वतःचा आवाज बदललेला असेल. अगदी शेवटी खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. तो आवाज रंगसूचनेत आहे, संवादात नाही. कंसातली तिरपी अक्षरं गाळून वाचणाऱ्यांना तो कधीच ऐकू येत नाही.

हे नाटक १८७९ चं. पुढे जर्मनीत नोराची भूमिका करणाऱ्या नटीनं हा शेवट करायला नकार दिला, मी माझ्या मुलांना सोडून जाणार नाही म्हणाली. दुसऱ्या कुणीतरी मोडतोड करण्यापेक्षा बरं म्हणून इब्सेननं स्वतःच वेगळा शेवट लिहून दिला, त्यात नोरा मुलांच्या खोलीच्या दाराशी कोसळते आणि थांबते. तो शेवट म्हणजे नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असं त्यानंच म्हटलं.

इथे तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, या सगळ्याशी आपला काय संबंध. त्याच वीस वर्षांत इकडे काय चाललं होतं बघ. १८९२ मध्ये गुरजाड अप्पाराव यांचं ‘कन्याशुल्कम्’ तेलुगू रंगभूमीवर आलं, १८९९ मध्ये देवलांचं ‘शारदा’ मराठीत. एकात अग्निहोत्रावधानुलू पैसे घेऊन कोवळ्या मुलीचं म्हाताऱ्याशी लग्न लावायला निघतो, दुसऱ्यात कांचनभट तेच करतो. नॉर्वे, आंध्रातलं विजयनगरम आणि महाराष्ट्र, तिघांना एकमेकांची खबर नव्हती असं समज, तरी तिघे एकच प्रश्न विचारत होते: लग्नाच्या व्यवहारात मुलगी ही वस्तू की माणूस? तुझ्या वर्गात किती जणांना यातली तेलुगू आणि मराठी नाटकं मूळ भाषेत आणि तिसरं अनुवादातून, अशी तिन्ही वाचता येतील? तुला येतील. तेलुगू लिपी येत नसेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचार, ती शिकायला सांगतात तेवढा वेळ लागत नाही. तुझ्या प्रबंधाचा विषय इथे पडलेला आहे, तो दुसऱ्या कुणी उचलण्याआधी तू उचल.

आणि विणकरांच्या घराचं म्हणशील तर, ए. के. रामानुजन यांचं वचनांच्या, म्हणजे शिवभक्तांच्या छोट्या कन्नड कवितांच्या, इंग्रजी अनुवादाचं पुस्तक १९७३ मध्ये पेंग्विननं काढलं. त्यात चार कन्नड कवी आहेत, त्यांतला एक देवर दासिमय्या. तो व्यवसायानं विणकर होता. बाराव्या शतकात ज्या सिद्धरामांनी सोलापुरात तळं बांधलं आणि ज्यांची जत्रा आपण दर संक्रांतीला गड्ड्यावर भरवतो, तेही त्याच परंपरेतले वचनकार, कन्नडमध्ये लिहिणारे. सिद्धेश्वरांच्या देवळात तू लहानपणापासून जात असशील. तिथल्या पाण्याकाठी जी कविता झाली ती आपल्याकडे साहित्याच्या तासाला येत नाही, देवाच्या खात्यात जाते. मला याची खंत आहे. जागतिक साहित्य म्हणजे लांबून येणारं काहीतरी, अशी समजूत आपणच करून घेतली. ‘वेल्टलिटराटुर’ म्हणजे विश्वसाहित्य हा शब्द ज्या गटेनं १८२७ मध्ये रुजवला, त्यानं तो एक चिनी कादंबरी वाचत असताना वापरला, आणि त्याआधी आपलं ‘शाकुंतल’ अनुवादातून वाचून तो भारावून गेला होता. त्याला संस्कृत येत नव्हतं. त्याला कुणी हसलं नाही.

आता रोजचं. दिवसाला ४० मिनिटं काढ, जास्त नको, पण मोबाइल दुसऱ्या खोलीत. पहिला आठवडा फक्त चेखॉव्हच्या कथा. दुसऱ्यात इब्सेन, रोज अर्धा अंक, आर्चरचा अनुवादही गुटेनबर्गवर आहे. कवितेला वेगळा वेळ लागत नाही. एक कविता कागदावर उतरव आणि येता-जाता म्हण, पाठ झाली की ती आपोआप उलगडत जाते, एखादी उलगडली नाही तर सोडून दे. कादंबरी शेवटी, रोज एक प्रकरण, अचेबे २५ दिवसांत होतो. इंग्रजी शब्द अडला तर लगेच शब्दकोश उघडू नकोस, पान संपू दे. मराठी अनुवादांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयात जाऊन चौकशी कर, काउंटरवर नुसतं नाव सांगण्यापेक्षा कपाटापाशी उभं राहून चाळायला मिळालं तर फारच चांगलं.

टिपणं मराठीत काढ, मनात तेलुगू आलं तर तेलुगूत. विचार ज्या भाषेत येतो त्या भाषेत आधी पकडावा, इंग्रजी नंतर करता येतं. प्रत्येक कृतीतला एकच प्रसंग असा तयार ठेव की तो तुला पुस्तक न बघता दोन मिनिटं सांगता येईल: टपालपेटीची किल्ली, घोडीचा श्वास, साहेबाचा परिच्छेद. उत्तराची सुरुवात त्या प्रसंगापासून कर. मी वर्षानुवर्षं पेपर तपासले आहेत. गाइडमधल्या त्याच त्या पहिल्या ओळीनं सुरू होणारी चाळीस उत्तरं झाल्यावर जिला खरोखर काहीतरी दिसलं आहे अशी एक मुलगी भेटते, तेव्हा तिच्या इंग्रजीतल्या चुका तपासणाऱ्याच्या मनात मागे पडतात.

तुझी अम्मा विड्या वळते म्हणालीस, म्हणून एक गोष्ट सांगायची राहिली. क्युबात, हवानाच्या चुरुटांच्या कारखान्यांत, १८६५ पासून एक प्रथा आहे. कामगार तंबाखूची पानं वळत बसलेले असतात आणि एक वाचक उंच जागेवर बसून त्यांना मोठ्यानं वाचून दाखवतो, आधी वर्तमानपत्र आणि मग कादंबरी. सुरुवातीला त्याचा पगार कामगार स्वतःच्या मजुरीतून देत, आणि कुठली कादंबरी वाचायची तेही कामगारच ठरवत. ड्यूमाची ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ त्यांना इतकी आवडायची की पुढे एका चुरुटालाच ‘मॉन्टेक्रिस्टो’ नाव मिळालं. पानं कातरताना आणि वळताना हात अडकलेले असतात, कान मोकळे असतात.

तर या रविवारी अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली की तिच्याजवळ बस आणि आयोनाची गोष्ट तिला तेलुगूत सांग. पुस्तक हातात ठेव, पण वाक्यं तुझी असू देत. बर्फाला, घोडागाडीला, ओट्सला काय म्हणायचं ते जागच्या जागी ठरव, अडलीस तर तिलाच विचार. घोडीपाशी पोचलीस की थांब आणि तिला विचार, त्या म्हाताऱ्याला जे होत होतं त्याला आपण काय म्हणतो? ती जो शब्द सांगेल तो मला पुढच्या पत्रात लिही. इंग्रजीवाल्यांचे तीन शब्द मला माहीत आहेत, तुझ्या अम्माचा माहीत नाही.

तुझी,
सदर लिहिणारी मॅडम